पोस्टमनचं डोकं

या वादात माणसं उलट बाजूंना उभी होती. उभा जन्म पटाशी चालवण्यात गेलेले माझे मेहुणे म्हणत होते, डोकं प्रिंटरमधून काढ. आणि कळायला लागल्यापासून संगणकाला चिकटलेली माझी मुलगी म्हणत होती, छे, शिवणीच्या लाकडातच कोरलेलं हवं. कुडाळजवळच्या मेहुण्यांच्या घराला लांबलचक पडवी आहे. एका टोकाला त्यांचं काम चालतं, दुसऱ्या टोकाला पाहुण्यांचा चहा. मी चहाच्या टोकाला होतो, तरी सगळं ऐकू येत होतं, कारण आवाज खाली ठेवून बोलायची त्या घराण्यात पद्धत नाही.

मुलीला सहा मिनिटांचा स्टॉप मोशन चित्रपट करायचा आहे. बाहुली किंचित हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा किंचित हलवायची, पुन्हा फोटो. पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रं लागतात, पण एकेक फोटो दोनदा वापरून काम भागतं, म्हणजे सेकंदाला बारा. सहा मिनिटांचे झाले ४,३२०. नायक आहे एक पोस्टमन. गावात ज्यांना वाचता येत नाही त्यांची पत्रं तोच वाचून दाखवतो. वीतभर उंची, आत ॲल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा, वर खाकी कपडे आणि हनुवटीपासून टाळूपर्यंत साडेचार सेंटिमीटरचं डोकं. त्या डोक्यासाठी ती मामाकडे आली होती.

मामा : लिंबाएवढ्या डोक्यासाठी एवढा खटाटोप कशाला गो? तुमच्या कॉलेजात तो थ्रीडी प्रिंटर आहे ना? संगणकावर घडव, रात्री लावून झोप, सकाळी डोकं तयार. मोडलं तर दुसरं काढ.

भाची : हे तू सांगतोस? तुझ्या तोंडून तरी लाकडाची बाजू ऐकायला मिळेल असं वाटलं होतं.

मामा : लाकडाचे नखरे मी काढलेत म्हणूनच सांगतो. बाहेरून येणारे लोक इथे उभे राहून म्हणतात, लाकडात जीव असतो. जीव कसला? पाणी असतं. पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. बरं, सगळीकडून सारखं आकसेल तर लाकूड कसलं! रेषेच्या दिशेने, म्हणजे उभं, जवळपास हलत नाही. आडवं हलतं. त्यातही खोडाच्या वर्तुळांच्या कडेने जेवढं हलतं, त्याच्या साधारण निम्मं गाभ्याकडून सालीकडे. आता तू या डोक्याला डोळ्यांसाठी दोन गोल भोकं पाडणार. पाडलीस समज आत्ता श्रावणात, आणि नेऊन ठेवलंस मुंबईला एसीच्या खोलीत, वरून दिव्यांची धग. भोकं गोल राहतील?

भाची : लंबगोल होतील.

मामा : डोळे अडकतील. फिरवायला जोर लावलास की डोळ्याऐवजी डोकंच हलेल, आणि मागचे सगळे फोटो फुकट. प्लास्टिकला हा त्रास नाही.

भाची : ठोकळा मी आधीच मुंबईला नेऊन त्याच खोलीत ठेवला तर? तिथली हवा त्याला लागू दे. मग परत आणू, तू कोर, आणि कोरून झाल्यावर पुन्हा तिथे ठेवून शेवटी भोकं पाडू.

मामा : हे मात्र शहाणपणाचं बोललीस. भोकं शेवटी, आणि तीही तिथल्याच हवेत.

(हे डोळे म्हणजे साधे पांढरे मणी. बाहुलीच्या प्रत्येक मण्यावर बुबुळ रंगवतात आणि बुबुळाच्या मधोमध टाचणीचं टोक शिरेल एवढं भोक ठेवतात. खोबणीत व्हॅसलीनचा थेंब. टाचणी टेकवून मणी केसभर फिरवला की पोस्टमनने नजर वळवली. मणी सैल असेल तर घरंगळतो, घट्ट असेल तर मामा म्हणतात तसं होतं.)

मामा : बरं, वजनाचं काय? शिवण हलकी खरी, तरी एवढं भरीव डोकं वीस-बावीस ग्रॅम भरेल. तारेच्या मानेवर ते राहील?

भाची : सरळ उभा असताना राहील. खाली वाकला की मान फोटोगणिक केसभर खचत जाईल. एका फोटोत दिसणार नाही, पण चालवून पाहिलं की पोस्टमन पेंगतोय असं वाटेल. म्हणून मागून कापून पोकळ करायचं आणि ते झाकण पुन्हा बसवायचं. जपानमध्ये बुनराकू नावाचा बाहुल्यांचा खेळ आहे, त्यातली डोकी हिनोकीच्या लाकडात अशीच कोरतात. आधी अख्खं कोरायचं, मग चिरून आतून पोखरायचं, आत डोळ्याभुवयांच्या दोऱ्या बसवायच्या आणि पुन्हा चिकटवायचं.

मामा : पोकळ केलेलं बरंच. गाभा गेला की चीर पडायची भीतीही जाते. पण मानेचं भोक आधी पाडायचं, ठोकळा चौकोनी आहे तोवर. गोल झाल्यावर गिरमिट कुठे सरळ जातंय याचा कोणी भरवसा द्यायचा?

इथे खरं तर वाद संपायला हवा होता. विरोध करणारा माणूस भोकं कुठली आधी आणि कुठली नंतर हे सांगू लागला, की त्याने काम घेतलं असं समजायला हरकत नसते. पण मामांचा विरोध कामाला नव्हता, कामाच्या कारणाला होता. त्यांनी पांगाऱ्याचा एक चौकोनी तुकडा शिकंज्यात धरला आणि हात चालू ठेवून बोलत राहिले. नमुन्यासाठी पांगारा बरा, फार मऊ. मात्र पटाशीला जराही धार कमी असली की तो कापला न जाता दबतो आणि कड कापसासारखी फुलते. मामांच्या पटाशीखाली तो दबत नव्हता.

त्यांनी ठोकळा धरला तो सपाट बाजूने नव्हे. कोपरा आपल्याकडे वळवला आणि नाकाची रेघ त्या कोपऱ्याच्या धारेवर मारली. नवशिके सपाट बाजूवर चेहरा आखतात आणि मग गाल मागे नेता नेता दमतात. चेहरा चपटाच राहतो. नाक कोपऱ्यावर ठेवलं की गाल आपोआप मागे पडलेलेच असतात. भुवयांखाली एक आडवा काप, नाकाखाली दुसरा, दोन्हीकडून पाचरी उडाल्या, आणि चार-सहा घावांत तिथे कोणीतरी होतं.

मामा : हसरा करू की गंभीर?

भाची : दोन्ही नको.

मामा : म्हणजे ठोंब्या.

भाची : ठोंब्याही नको. मामा, चेकोस्लोव्हाकियात यिर्झी त्र्न्का नावाचा माणूस होता. पिल्झनचा. त्याचे चित्रकलेचे मास्तर योसेफ स्कुपा स्वतः बाहुल्यांचे खेळ करायचे. १९३६ मध्ये त्र्न्काने प्रागला बाहुल्यांचं थिएटर काढलं, त्याचं नावच ‘लाकडी रंगभूमी’. पुढे तो स्टॉप मोशनमध्ये आला. शेक्सपिअरचं ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ त्याने १९५९ मध्ये बाहुल्यांवर केलं आणि एकाही बाहुलीचे ओठ हलवले नाहीत. चेहरे जसे केले तसेच. डोळे रंगवताना नजर अशी ठेवायची की ती नक्की कुठे आहे हे सांगता येऊ नये. मग मान थोडी वळव, दिवा थोडा सरकव, तोच चेहरा कधी दुखावलेला वाटतो, कधी हसू दाबणारा.

मामा : नजर कुठे आहे ते कळू नये? गणपतीच्या शाळेत उलटं सांगतात. सगळी मूर्ती पोरं रंगवतील, पण डोळ्यांची आखणी जाणत्यानेच करायची, आणि भक्त कुठेही उभा राहिला तरी देव त्याच्याकडेच बघतोय असं वाटलं पाहिजे.

भाची : मग उलटं कुठे आहे? नजर सगळीकडे आहे म्हणजे एका जागी नाहीच ना!

मामांनी पटाशी थांबवून तिच्याकडे पाहिलं. उत्तर दिलं नाही. मला विचाराल तर त्या संपूर्ण दुपारी त्यांना निरुत्तर करणारं एवढं एकच वाक्य तिच्या तोंडून निघालं.

भाची : जपानी नो नाटकातले मुखवटेही लाकडाचे असतात. नट मुखवटा किंचित वर करतो तेव्हा तो उजळतो, किंचित खाली करतो तेव्हा त्यावर ढग येतो. या दोन्ही हालचालींना त्यांच्याकडे नावं आहेत. चेहरा तोच. कावामोतो नावाचे जपानी बाहुलीकार १९६३ मध्ये मुद्दाम प्रागला जाऊन त्र्न्काकडे शिकले. गेले झेक बाहुल्या शिकायला, आणि परतले ते आपल्याच नो आणि बुनराकूकडे.

मामांनी शिकंजा सैल केला. अर्धवट कोरलेलं डोकं बल्बखाली धरलं आणि हनुवटी खाली झुकवली. कपाळाची सावली डोळ्यांच्या खाचांत उतरली. वर उचलली, खाचा उजळल्या. दोन-तीनदा केलं. मग भुवयांचा काठ पटाशीने आणखी थोडा पुढे राखला, खालून खणून. सावली पाडायला काठ लागतो हे त्यांना सांगावं लागलं नाही.

मामा : पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या घे. परशुराम गंगावण्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, ती त्यासाठीच. त्या बाहुल्यांचेही चेहरे बदलत नाहीत. पण त्या दोरीला टांगलेल्या असतात. सूत्रधाराने काही केलं नाही तरी त्या जराशा झुलत असतात. शिवाय बघणारा दहा-बारा हात लांब. तुझी बाहुली मेल्यासारखी उभी, आणि कॅमेरा चार बोटांवर.

भाची : म्हणूनच ती हलते तेव्हा मुद्दाम हलते. दोरीची बाहुली उगाच हलू शकते, माझी नाही. तिने मान वळवली तर ती मी बारा फोटो काढून वळवली आहे.

मामा : आणि साडेचार सेंटिमीटरचा चेहरा मोठ्या पडद्यावर साडेचार मीटरचा होणार. शंभरपट. माझ्या पॉलिश पेपरचा एक ओरखडा तिथे पायवाटेएवढा दिसेल.

भाची : पॉलिश पेपर लावायचाच नाही.

या वाक्याने जे पेटलं ते त्र्न्का आणि जपान मिळून पेटलं नसतं. मामांनी उमेदवारी सावंतवाडीत केलेली. तिथल्या चितार आळीत लाकडी फळं, खेळणी, पाट होतात. हात फिरवला की बोट कुठे अडता कामा नये ही तिथली कसोटी. वर रंग, रंगावर लाखेची चकाकी. अशा माणसाला भाची सांगत होती की पटाशीचे घाव तसेच ठेव.

मामा : म्हणजे अर्धवट काम माझ्या नावावर खपवणार.

भाची : अर्धवट नाही. पटाशीचा शेवटचा हात असा फिरव की प्रत्येक घाव एक छोटी सपाटी सोडेल. डोकं दिव्यासमोर वळलं की त्या सपाट्या एकेक करून पेटतील आणि विझतील. गुळगुळीत डोक्यावर उजेड नुसता सरकतो, काही घडत नाही. आणि चकाकी तर मुळीच नको. चकाकत्या गालात दिवे दिसतात, फोटो काढणारी मी दिसते. मी एका दिवशी पांढरा सदरा घातला आणि दुसऱ्या दिवशी काळा, तर पोस्टमनचा गाल रात्रीत बदलणार.

मामा : मग कोरं लाकूड ठेवणार?

भाची : हो.

मामा : आणि डोकं धरणार कुठे?

भाची : मागून. कानांपाशी.

मामा : चार हजार वेळा. तुझ्या बोटांना तेल नाही? घाम नाही? कोरं लाकूड महिन्याभरात कानापाशी काळं पडेल. तू चित्रपट पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने काढणार नाहीस. आज शेवटचा प्रसंग, उद्या मधला. म्हणजे पोस्टमन एका प्रसंगात गोरा, पुढच्यात काळवंडलेला, त्याच्या पुढच्यात पुन्हा गोरा.

मुलगी गप्प झाली. ज्या कॉलेजात तिने हे सगळं शिकून घेतलं त्याची फी मी भरली आहे, तेव्हा ती गप्प झाल्यावर मी कान टवकारले. शेवटी मामांनीच तोड सांगितली. चकाकी नसलेल्या वॉर्निशचा पातळ हात, पुसून घेतलेला. घाव बुजणार नाहीत आणि घाम आत जाणार नाही. तिने ते वहीत लिहून घेतलं. एवढं होऊनही मामा लाकडाच्या बाजूला आलेच नव्हते.

मामा : आता तोंडाचं बोल. पोस्टमन पत्र वाचून दाखवतो म्हणालीस. ओठ न हलवता? आपला अर्धवटराव बघ. पाध्यांनी त्याला काय दिलं? खाली-वर होणारा जबडा. तेवढ्यावर आख्खा महाराष्ट्र हसला. तू तेवढाही देणार नाहीस?

भाची : जबड्याला खाच पडते. अर्धवटरावाला शोभते, कारण तो बोलका बाहुला आहे हेच त्याचं सोंग आहे. माझा पोस्टमन माणूस आहे.

मामा : मग दुसरी तोंडं करून बदल. लोक करत असतीलच की.

भाची : करतात. जॉर्ज पाल म्हणून हंगेरीचा माणूस होता. आधी हॉलंडमध्ये फिलिप्स कंपनीच्या जाहिराती करायचा, मग अमेरिकेत गेला. तो प्रत्येक हावभावाला वेगळं लाकडी डोकं करून घ्यायचा, चालण्यासाठी पायांचे वेगळे संच. फोटो काढायचा, डोकं उपटायचं, पुढचं लावायचं. १९४४ मध्ये त्याला त्याबद्दल विशेष ऑस्करही मिळालं. पुढे १९९३ मध्ये ‘नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’च्या नायकाला चारशेच्या आसपास डोकी होती. ती लाकडाची नव्हती, साच्यातून काढलेली. आणि २००९ मध्ये ‘कोरालाइन’पासून चेहरे प्रिंटरमधून यायला लागले.

मामा : आणि त्या जॉर्जची लाकडी डोकी रंगवलेली असणार.

भाची : हो. तुला कसं कळलं?

मामा : त्यात कळायचं काय? दोन ठोकळ्यांवरची रेषा कधी सारखी येते का? तू डोकी भराभर बदलत गेलीस तर चेहरा राहील बाजूला आणि गालावरच्या रेषाच वळवळायला लागतील. म्हणून रंग फासायचा. आणि रंग फासायचा तर आत लाकूड आहे की प्लास्टिक, देवाला ठाऊक!

माझ्या मते या विषयातली खरी मेख हीच आहे, आणि ती ज्या माणसाने स्टॉप मोशन हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला त्याने बरोबर धरली. लाकूड लाकूड म्हणून दाखवायचं असेल तर डोकं एकच. चेहरे अनेक हवे असतील तर लाकूड लपवावं लागतं. मधला रस्ता नाही. मुलीला हे पुस्तकातून माहीत होतं. मामांना ते फळ्या जोडून कपाटाचं दार करताना कळलेलं.

भाची : गिलेर्मो देल तोरोने २०२२ मध्ये ‘पिनोकिओ’ केला. बाकीच्या माणसांच्या डोक्यांत बारीक यंत्रं, वर सिलिकॉनची कातडी, म्हणून ती माणसं वाटतात. पिनोकिओ लाकडाचा पोरगा, तो कडक वाटायला हवा. म्हणून त्याचे चेहरे कडक, बदलायचे, आणि ते...

मामा : प्रिंटरचे.

भाची : प्रिंटरचे. त्यावर लाकडाची रेषा रंगवलेली.

मामा मोठ्याने हसले. मला हाक मारून म्हणाले, “भावोजी, ऐकलंत? लाकडाच्या पोराचं चित्र, त्याला ऑस्कर, आणि पोरात लाकूड नाही!” मग भाचीकडे वळून म्हणाले, “जगातल्या सगळ्यात हुशार लोकांनी लाकडाला हात जोडले, आणि तू माझ्याकडे शिवण मागतेस.”

भाची : त्यांच्या पिनोकिओला बोलायचं होतं, गायचं होतं. माझ्या पोस्टमनला बोलायचं नाही.

मामा : पत्र वाचतो म्हणालीस!

भाची : वाचतो. पण वाचताना पत्र कुठे असतं? तोंडासमोर. मागे आवाज, पुढे कागद. कागदाच्या वर फक्त डोळे. ते ओळीओळीने सरकतात. आणि एका ठिकाणी थांबतात, कारण पुढची ओळ वाचून दाखवण्यासारखी नाही. त्याने ती ओळ गाळली हे ऐकणाऱ्या बाईला कळत नाही, बघणाऱ्याला कळतं. तिथे मला हलणारे ओठ नकोच आहेत. ओठ हलले की सगळे ओठांकडे बघतात.

मामा : म्हणजे तोंड लपवायला पत्र.

भाची : पत्र दाखवायला तोंड बंद. तू काहीही म्हण.

मामा : बरं, मग खालचा अर्धा चेहरा कोरूच कशाला?

भाची : पत्र खाली येतं तेव्हा तो दिसायला हवा ना. वाचून झालं आहे, आणि तोंड जसंच्या तसं आहे. मामा, आपल्या फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केलं. आगकाड्या एकेक सरकवून. आगकाडीला डोळे नाहीत, तोंड नाही, तरी शंभरएक वर्षांपूर्वी लोकांनी मौज म्हणून तिकडे बघितलंच की. हलवणारा काय करतो त्यावर सगळं आहे.

मामा : असं तूच म्हणतेस. मग मला हे सांग. त्या तुझ्या त्र्न्काची सगळी डोकी लाकडाची होती?

भाची : सगळी नाही.

मामा : तरी चालली.

भाची : चालली. १९६५ मध्ये त्याने ‘हात’ नावाचा लहान चित्रपट केला. एक छोटा माणूस घरात मडकी घडवतो. एक प्रचंड हात येतो आणि म्हणतो, मडकी नको, हाताचाच पुतळा घडव. माणूस नाही म्हणतो, तरी हात त्याच्याकडून जबरदस्तीने ते करून घेतो, आणि अखेर माणूस मरतो. शेवटपर्यंत त्याचा चेहरा बदलत नाही. सरकारला तो इतका झोंबला की १९६९ मध्ये त्र्न्का वारल्यानंतर त्यावर बंदी आणली.

मामा : मग तुझं म्हणणं तूच पाडलंस. न हलणारा चेहरा हवा हे कबूल. एकच डोकं हवं हेही कबूल. पण ते लाकडाचं कशाला? एक डोकं प्रिंटर काढून देत नाही का?

भाची : देतो. पण संगणकावर मी ते रोज थोडं बदलत राहीन. नाक थोडं लहान, भुवई थोडी वर. मागे जायचं बटण असतं. लाकडात तू एक पाचर उडवलीस की ती उडाली. मला तिथे थांबावं लागतं.

मामा : तो लाकडाचा गुण नाही गो. तुझ्या स्वभावाचा दोष आहे.

इथे मी मामांच्या बाजूचा. चंचलपणाला औषध म्हणून शिवणीचं झाड तोडू नये. पण तिचं आधीचं बोलणं, घावांच्या सपाट्यांचं, मला जास्त पटलेलं आहे, आणि नवल म्हणजे त्याची बाजू तिने पुढे लढवलीच नाही. संगणकावर गाल घडवताना प्रत्येक सपाटी विचार करून ठेवावी लागते. इथे ती हाताच्या सवयीने पडते. मामांचा उजवा हात जोरकस, म्हणून पोस्टमनच्या डाव्या गालावरचे घाव लांब आणि उजव्या गालावरचे तोकडे. दोन्ही गाल सारखे नाहीत आणि कुठे फरक आहे ते पटकन सांगताही येत नाही. डावीकडून उजेड आला की हा माणूस जरा थकलेला वाटतो, उजवीकडून आला की जरा धूर्त. असं डोकं ठरवून करणारा मला अजून भेटायचा आहे. मी हे बोलून दाखवलं तेव्हा मामा म्हणाले, “म्हणजे चूक झाली म्हणता,” आणि उजव्या गालावर पटाशी टेकवायला निघाले. मुलीने डोकं त्यांच्या हातातून काढूनच घेतलं.

ओठांवरून मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. तिचं म्हणणं, ओठांची नुसती एक रेघ, तीही अगदी सरळ. मामांचं म्हणणं, सरळ रेघेचं तोंड माणसाचं नसतं. टोकं किंचित खाली तरी जातात नाहीतर वर तरी. खाली गेली तर सहा मिनिटं तो रडका, वर गेली तर सहा मिनिटं खुळा. पांगाऱ्याच्या नमुन्यावर त्यांनी तिच्यासमोर शेवटी एक टोक वर आणि एक खाली असं कोरून दाखवलं. ती म्हणाली, हा तर लबाड झाला. मामा म्हणाले, पत्रातली ओळ गाळतो तो लबाड नाही तर कोण?

नाकाचं पटकन मिटलं. तिच्या चित्रात ते चांगलं पुढे आलेलं होतं. मामांनी सांगितलं, रेषा उभी आहे, पुढे आलेल्या नाकाला ती आडवी कापते, बोट लागलं की तुकडा हातात. नाक बसकं झालं.

भाची : आणि डोकं पडलं तर?

मामा : ते तू मला विचारतेस? मी म्हटलंच होतं, प्रिंटर दुसरं काढून देतो.

भाची : मामा.

मामा : ठोकळा एकच घ्यायचा नाही. सरळ रेषेचा, गाठ नसलेला, गाभ्यापासून बाजूला काढलेला लांब दांडा घ्यायचा आणि त्याचे एकाखाली एक दोन तुकडे करायचे. वरच्या तुकड्याची रेषाच खाली उतरते, म्हणून दोन्हींच्या तोंडावर ती जवळपास सारखी येते. एक कोरायचं. दुसरं त्याच्याकडे बघून कोरायचं.

भाची : हुबेहूब होईल?

मामा : नाही होणार. लांबून चालेल. जवळ कॅमेरा असेल तेव्हा पहिलंच वापर, आणि पाडू नकोस.

दांडा आता मुंबईला तिच्या खोलीत आहे, एसी चालू आणि दिवे चालू. विजेचं बिल माझ्याकडे येतं. मामांनी दोन डोक्यांचे पैसे सांगितलेत. ती म्हणते, दुसरं कदाचित लागणारच नाही, तेव्हा निम्मे घे. मामा म्हणतात, दुसऱ्याला पहिल्यापेक्षा जास्त मेहनत आहे, उलट त्याचेच जास्त व्हायला हवेत.